भिंतीकडे तोंड करून गाणारी कुसुम

आमच्या गाण्याच्या व्हिडिओखाली लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, गाणारी बाई शेवटपर्यंत तोंड का दाखवत नाही? दुसरा, शेवटी आवाज गायब होतो तो माझ्या मोबाईलचा दोष की तुमचा? पहिल्या प्रश्नाला कुणीतरी परस्पर उत्तर देऊन मोकळा होतो : 'स्टाईल आहे भावा, अल्टरनेटिव्ह रॉकमध्ये असंच असतं.' दुसऱ्याला कुणी लिहितो, 'एडिटिंग गंडलंय.' मी हे वाचतो आणि माझं डोकं फिरतं. स्टाईल कसली डोंबलाची! कुसुमला कुणी तोंडावर असं म्हटलं असतं तर तिनं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं असतं, आणि तेवढ्यानं त्याचं काम झालं असतं.

कुसुम आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. चाकणच्या पट्ट्यातली गाड्या बनवणारी कंपनी. नाव सांगत नाही, कारण नावाशी आपल्याला काही करायचं नाही. रंगून, जोडून तयार झालेली गाडी पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यात येते. तिथं कुसुम हातात सुती मोजा घालून उभी असायची. ती गाडीभर तळवा फिरवायची, कुठे रंगाखाली धुळीचा कण राहिला असला तर तिथं खूण करायची, आणि सगळं ठीक असलं तरच काचेवर हिरवा स्टिकर लावायची. मी त्याच कंपनीत मेंटेनन्सला. माझं नाव तिला माहीत होतं, पण ते तिनं कधी घेतलं नाही. ती माणसांना त्यांच्या खात्यावरून हाक मारायची. मी 'मेंटेनन्स', डिस्पॅचचा पोरगा 'डिस्पॅच', आणि एचआरच्या मॅडमना ती समोरासमोर 'ओ एचआर' म्हणायची. मॅडम 'ओ' द्यायच्या.

तिचं एक वाक्य शॉपमधल्या सगळ्या कामगारांना पाठ होतं. 'बघितल्याबिगर ओके न्हाई.' हे फक्त गाड्यांपुरतं नव्हतं. कँटीनच्या आमटीपासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत सगळ्याला तिचा हाच न्याय. बसमध्ये एकानं बहिणीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले, स्थळ फार चांगलं म्हणाला. कुसुमनं पेढा हातात धरला आणि विचारलं, 'तुमी त्याला बघितला का?' तो म्हणाला, 'फोटो बघितलाय, काकांनी ठरवलंय.' 'मग पेढा ठेवते. बघून आला की खाते.' आणि खरंच तिनं तो पेढा डब्यात ठेवला. एकदा महिनाअखेरीला सुपरवायझर तिच्या अंगावर ओरडला होता. दाराच्या हँडलखाली एक कण, तोही दिसेल न दिसेलसा, जाऊ दे म्हणाला. ती शांतपणे स्टिकरचा रोल त्याच्यासमोर धरून म्हणाली, 'तुमी लावा. माझ्या हातानं न्हाई लागणार.' त्याचाही हात पुढे झाला नाही.

आमच्या बँडचं नाव 'दुसरी शिफ्ट'. मी बेस गिटार वाजवतो, बरा वाजवतो. ड्रम्सवर सचिन, त्याचं तळवड्याला छोटं वर्कशॉप आहे. गिटारवर निखिल, तो तिथल्याच आयटी पार्कमध्ये. आमचा गायक कॅनडाला निघून गेला तेव्हा आम्ही हातावर हात धरून बसलो होतो. त्याच आठवड्यात कन्व्हेयरची साखळी अडकली, आणि त्या सगळ्या खडखडाटावरून मला हाक आली, 'ओऽऽ मेंटेनन्स!' घोगरी, भरलेली, लांबवर जाऊन टिकणारी. मी पाना हातात घेऊन तसाच उभा राहिलो. माझ्या मनात आलं, अरे, आपण गायक शोधत कुठे फिरतोय?

मी विचारलं तेव्हा ती हसली. 'गाणी मला येत न्हाईत, राव. मला हाका मारता येत्यात.'

'तेवढंच पाहिजे,' मी म्हणालो.

सचिनचं वर्कशॉप गुरुवारी बंद असायचं, आमची सुट्टीही गुरुवारची, आणि निखिल लॅपटॉप उघडा ठेवून 'घरून काम' करायचा. मशिनींच्या मधल्या जागेत आम्ही वाजवायचो. पहिल्या दिवशी कुसुम आली, ओढणीनं माईक खसाखसा पुसला, आणि आमच्याकडे पाठ करून पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. निखिलला वाटलं लाजतेय. तो गोड आवाजात म्हणाला, 'ताई, आम्ही इकडे आहोत.'

'म्हाइती हाय. तुमी काय आवाज परत देणार हाय का?'

मग ती गायली आणि आम्ही तो विषय सोडून दिला. तिचा सूर प्रत्येक वेळी जागेवर असायचाच असं नाही. पण ओळ संपली की ती मान किंचित खाली घालून थांबायची, पत्र्यावरून आवाज परत यायची वाट बघायची, आणि तो आला की मगच पुढची ओळ. निखिलनं ठेका मोजणारा मेट्रोनोम लावून बघितला, सचिननं काठ्या आपटून बघितल्या. काही उपयोग नाही. शेवटी आम्हीच तिच्यासाठी थांबायला शिकलो. लोक म्हणतात आमच्या गाण्यात मोकळ्या जागा फार छान आहेत. त्या जागा आमच्या नाहीत, कुसुमच्या आहेत.

पिंपळे सौदागरला माझ्या सोसायटीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम ठेवला, हा माझाच शहाणपणा. पार्किंगमध्ये स्टेज, पुढे अडीचशे खुर्च्या, आणि कुसुम मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी. सेक्रेटरी स्टेजच्या कडेला येऊन मला खुणावू लागले, 'मॅडमना सांगा, प्रेक्षक इकडे बसलेत.' कुसुमनं ते ऐकलं. न वळता माईकमध्ये म्हणाली, 'आवाज तिकडं येतोय ना? मग झालं की.' मुलं खदाखदा हसली. पुढचा महिनाभर लिफ्टमध्ये बायका मला सांगत होत्या, तुमची ती गायिका फार उद्धट आहे हो. मी मान डोलवायचो. मला स्वतःलाच तिची पाठ अजून समजली नव्हती.

ती समजली पुढच्या वर्षी श्रावणात. कुसुमची आई आजारी होती, हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. मी बघायला गेलो. कंपनीच्या मागच्या अंगाला, बसनं वळसा घालून जायचं, असं त्यांचं गाव. दुमजली घर, चकचकीत फरशी, दारात गाडी. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. कुसुमचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्यावर ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. घरात दोघीच मायलेकी. आई गच्चीवर खाटेवर बसली होती, अंगानं काडी, पण डोळे असे की समोरच्यानं सरळ बसावं. लेकीचे डोळे कुणावर गेलेत ते तिथं कळलं.

'तुमी हिच्या कंपनीतलं का?' तिनं विचारलं. 'मग तुमी आमच्या विहिरीवरच कामाला हाय.'

मला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. तिनं हात लांब करून दाखवलं. कंपनीच्या भिंतीबाहेर एक करंजाचं झाड उभं आहे. ते झाड आणि पलीकडची टेकडी यांच्या मधोमध त्यांची विहीर होती. तिचं बोट जिथं थांबलं तिथं आता आमच्या पेंट शॉपची चिमणी दिसत होती.

त्या विहिरीत, आतल्या पायऱ्यांवर, खोल, शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यातल्या सात बाया. आमच्या भागात ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याकडे त्या असायच्याच. पावसाळ्यात विहीर भरली की त्या पाण्याखाली जायच्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की एकेक करून वर दिसू लागायच्या. सातही दिसल्या की त्या दिवशी त्यांची ओटी भरायची. त्या पाण्यात असताना मात्र त्यांना हात लावायचा नाही. त्या आपणहून वर येतात, आपण ओढून काढायचं नसतं. ही रीत.

'जमीन दिली तवा विहीर काठोकाठ,' आई म्हणाली. 'ह्यांनी सायबाला सांगितलं, पाणी उतरू द्या, आमच्या बाया वर आल्या की आमी त्यांना घिऊन जातो. सायब व्हय म्हणला. दुसऱ्या गावाला गेलो हुतो कार्याला, आन् माघारी आलो तर डंपर माती टाकून गेलं हुतं.'

कुसुमचे वडील त्यानंतर फार जगले नाहीत. लोक म्हणाले, आधीच पाणबुड्या आणून का नाही काढले दगड? कुणी म्हणालं, बोअरवेलपाशी सात नवे दगड मांडा. आईनं ऐकलं नाही. 'त्या आमच्या त्या. त्यांना आत ठिवून दुसऱ्या कशा मांडायच्या?' आणि मग तिनं लेकीकडे बघितलं. लहानपणी कुसुम विहिरीच्या काठावर पालथी पडून आत हाका मारायची. आई सांगायची, आवाज परत आला म्हणजे बायांनी ऐकलं. आता आईला एवढंच हवं होतं. लेकीनं आत जाऊन त्यांची ओटी भरावी, हाक मारावी, आणि आवाज परत आला का ते आपण डोळे मिटायच्या आत येऊन सांगावं.

कुसुम जिन्यात उभी होती, भिंतीकडे तोंड करून. ती पाठ मला एकदम समजली.

आता अडचण बघा. पेंट शॉपमध्ये धूळ चालत नाही. म्हणजे किती चालत नाही, तर केसांना तेल नको, चेहऱ्याला पावडर नको, टिकली नको, बांगड्या नकोत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालायचा, दोन दारांच्या मधल्या खोलीत जोराच्या हवेनं झटकून घ्यायचं, मग आत. दसऱ्याला कंपनीत सगळ्या मशिनींची पूजा होते, रोबोटच्या गळ्यातही झेंडूची माळ असते. पण पेंट शॉपची पूजा दाराबाहेर, आणि माळही बाहेरच. तिथं ओटी? हळद-कुंकू, तांदूळ, नारळ?

तरी कुसुम पेंट शॉपच्या साहेबांकडे गेली. मी बरोबर होतो. साहेब दक्षिणेकडचे, भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून म्हणाले, 'मॅडम, एक चुटकी हल्दी अंदर गयी ना, तो मेरी पूरी लाइन गयी.'

कुसुम म्हणाली, 'बराबर है साहब. वैसी गाडी तो मैं ही वापस भेजती.'

साहेबांना वाटलं टोमणा मारतेय. टोमणा नव्हता तो. एका कणासाठी गाडी परत पाठवणारी हीच बाई, तिला त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा जास्त पटलं होतं, आणि तीच तर तिची कोंडी होती. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, दसऱ्याला लाइन बंद असते, मेंटेनन्सबरोबर आत या, पण हात रिकामे.

त्या दिवशी कँटीनमध्ये तिनं मला विचारलं, 'आत जमीन कशी हाय?'

'जमीन कुठली! लोखंडी जाळी आहे. गाडीवर न बसलेला रंग खाली ओढला जातो, जाळीखालच्या पाण्यात पडतो.'

तिचा घास हातात राहिला. 'खाली पाणी हाय?'

'लाइन चालू असते तोवर फिरत असतं.'

'म्हंजे त्या अजून पाण्यातच हायेत,' ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी तिनं फडक्यात गुंडाळून ठेवली.

रिकाम्या हातांनी काय न्यायचं, याचं उत्तर तिनं पुढच्या गुरुवारी आणलं. सचिनच्या वर्कशॉपमध्ये तिनं पहिल्यांदा स्वतःचे शब्द म्हटले. तोवर आम्ही निखिलनं लिहिलेलं काहीबाही गात होतो, शहर, एकटेपणा वगैरे. ही चार ओळी म्हणाली आणि निखिलनं आपली वही... नाही, वही कसली, मोबाईल, तो मुकाट्यानं खिशात टाकला.

पाणी खाली गेलं का गं,
पायरी वर आली का गं,
कुणी काठाला थांबलंय अजून,
हाक खाली गेली का गं.

मी एकाच सुरावर बेस धरून ठेवला. दुसरं काही करावंसंच वाटेना. आमचं जे गाणं लोक ऐकतात ते हे.

दसऱ्याला आम्ही आत गेलो. तिनं टिकली काढली होती, बांगड्या काढल्या होत्या, केस शिकेकाईनं धुऊन कोरडे केले होते. पांढऱ्या सुटात ती मला एकदम लहान वाटली. चिमणीखालच्या, गाड्या रंगवायच्या बूथमध्ये मी पंप चालू केला. चाचणी घ्यायचीच होती. जाळीखालून पाणी वाहू लागलं. कुसुम गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळवे जाळीवर टेकले, तोंड खाली नेलं आणि हाक मारली. मग गाण्याची पहिली ओळ म्हटली. मग थांबली.

आवाज परत आला नाही. त्या बूथचं छत सगळं कापडी फिल्टरचं, हवा गाळायला. ते आवाजही पिऊन टाकतं, हे मला आधी सुचायला हवं होतं, पण अशा गोष्टीचा विचार कोण करतो? तिनं परत हाक मारली. मान खाली घालून वाट बघितली. खाली नुसतं पाणी वाजत होतं. मला तिच्याकडे बघवेना, मी उगाच पंपाचा मीटर बघत उभा राहिलो.

'गिळला,' बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली.

बसमध्ये मी तिला म्हणालो, 'आईला सांग आला म्हणून. म्हातारं माणूस, तेवढंच समाधान.'

तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. 'बघितल्याबिगर ओके, मेंटेनन्स? मी तिथं हुते. न्हाई आला.' तिचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होतो.

आणि तिनं घरी जाऊन खरं तेच सांगितलं. आईनं कूस बदलली आणि दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. कुसुम कामावर येत होती, गाड्यांवरून हात फिरवत होती, कुणाशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, 'मला न्या.' आता तिला आत कसं नेणार? जाऊन जाऊन भिंतीपर्यंत जाता येईल, करंजाच्या झाडापाशी.

निखिलच्या डोक्यात व्हिडिओसाठी भलतंच काहीतरी होतं. ड्रोन, धूर, लाल दिवे, नाचणारी माणसं. कुसुम म्हणाली, 'व्हिडिओ करायचा तर भिंतीपाशी करा. मला तिथं जायचंच हाय.' तो कुरकुरला, पण आला. दिवाळीनंतरचा गुरुवार, दुपार उतरत आलेली. गल्लीत करंजाखाली आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आईला रिक्षानं आणलं. तिच्या मांडीवर पदराखाली झाकलेलं ताट होतं. समोर करडी सिमेंटची भिंत, वर काटेरी तार, पलीकडे चिमणी. सचिननं एकच ड्रम आणला होता.

लगेच सिक्युरिटीवाला आला. 'ओ, हितं शूटिंग करता येत नाही. कुणाची परवानगी?' त्याची बोली मराठवाड्याची. मी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष ताटाकडे गेलं. 'आजी, काय हाय हे?'

'माझी विहीर हाय तिकडं,' आई म्हणाली. 'साती आसरांची वटी हाय.'

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग पायातले बूट काढून बाजूला झाला आणि म्हणाला, 'लवकर उरका, माय.'

कुसुम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि गायली. व्हिडिओत आहे ते तेच, एका दमात, पुन्हा काही केलेलं नाही. शेवटची ओळ तिनं इतकी ताणली की माझा सूर संपला तरी ती चालूच होती. ती थांबली, आणि भिंतीवरून आवाज परत आला. चांगला स्पष्ट आला. आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आईनं मान हलवली. 'भित्ताडाचा हाय गं ह्यो. विहिरीचा खालनं येतो, गार येतो. ह्यो नुसता आपटून माघारी आलाय.'

तेव्हा कुसुम वळली. गाणं संपल्या संपल्या तिचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो. सगळं चुरगळलं होतं. 'आई, मला न्हाई गं जमलं,' ती म्हणाली, लहान पोरीसारखी. निखिलनं कॅमेरा भिंतीकडे फिरवला, पण बंद करायचं त्याला भान राहिलं नाही.

मग आई उठली. आम्ही धरायला गेलो, तिनं हात झटकला. भिंतीच्या पायाशी बसली, ताट उघडलं, खण पसरला, तांदूळ, नारळ, हळद-कुंकू. एवढ्या वर्षांची विधवा बाई ओटी भरत होती. कुणी काही म्हणेल याची तिला फिकीर नव्हती. व्हिडिओत इथून आवाज जातो. भिंत दिसते आणि आईच्या लुगड्याची कड दिसते, बस्. तुमचा मोबाईल ठीक आहे. त्या वेळात आई भिंतीला हात लावून असं म्हणाली :

'बायांनो, आमी पाणी उतरायची वाट बघत ऱ्हायलो, आन् दुसऱ्यांनी वाट बघितली न्हाई. हिचा बाप त्याच घोरानं गेला. दोष द्यायचा तर मला द्या, त्यांला नका दिऊ, हिला नका दिऊ. तुमच्या अंगावर माती पडली त्यावर आमचं घर उभं ऱ्हायलं, ह्ये मी इसरले न्हाई. आता माझं काय पुन्हा येणं व्हायचं न्हाई. पर माझी लेक आत हाय. ती येत जाईल तुमच्याकडं. तिला वळखा.'

सिक्युरिटीवाला रडत होता. मीही रडत होतो, कशाला खोटं बोला.

निखिल म्हणाला, हेच तर खरं गाणं आहे, हे ठेवायचंच. कुसुम म्हणाली, 'न्हाई. ती त्यांच्याशी बोलली, तुमच्याशी न्हाई.' त्यानं फार वाद घातला. शेवटी चित्र राहिलं आणि आवाज गेला. आईच्या वर्षश्राद्धाला कुसुमनंच मला सांगितलं, 'आता सांगा लोकांना. उगा बिचारी मोबाईल दुरुस्तीला टाकत्यात.' म्हणून मी हे सांगतोय.

आई पौषात गेली. व्हिडिओ त्याआधी आला होता, पण तिनं तो बघितला नाही. मी हुते की तिथं, म्हणाली. गाणं हळूहळू पसरलं. मोठ्या फेस्टिव्हलचं बोलावणं आलं. आम्ही तिघं हवेत. कुसुम म्हणाली, 'दुसरी गाणी म्हणते. ते न्हाई. वटी भरली ती भरली, परत उचलून दुसऱ्याला दाखवायची नसती.' लोकांना ते एकच गाणं हवं होतं. निखिल बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. मग बोलू लागला, पण बँड काही राहिला नाही.

आणि याच सुमारास तिनं पेंट शॉपला बदली मागितली. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. फायनल इन्स्पेक्शनमधला मान सोडून त्या काचेच्या पेटीत? ना टिकली, ना तेल, ना मधेच बाहेर येऊन चहा. दिवसभर तोंडाला मास्क, घसा कोरडा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'आई शब्द दिऊन गेली, मेंटेनन्स. मी ऐकलाय.'

यंदा मी ती नोकरी सोडली. रावेतला घर घेतलंय, आणि जवळच काम मिळालंय. शेवटच्या दिवशी हत्यारं जमा केली आणि पेंट शॉपच्या बाहेरच्या काचेच्या व्हरांड्यात गेलो. आत पांढऱ्या सुटांतल्या पाच-सहा बायका, डोक्यावर टोप्या, तोंडावर मास्क. सगळ्या सारख्या. यातली कुसुम कुठली? मी काचेवर टकटक केलं, पण त्या जाड काचेतून इकडचं तिकडे काही जात नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं बरोबर काढली आणि निरोपाला माणूस ओळखू येऊ नये!

मग त्यातल्या एकीनं गाडी पुढे सोडली आणि दुसरी येईपर्यंतच्या वेळात ती कडेच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली. पाठ माझ्याकडे. ती पाठ मी कुठेही ओळखीन. खांदे वर गेले, श्वास भरला गेला, आणि जरा वेळानं खाली आले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग तिनं मान किंचित खाली, जाळीकडे घातली आणि थांबली. आमच्या सगळ्या गाण्यांत थांबायची तशीच, परत येणाऱ्या आवाजासाठी. गाडी येऊन उभी राहिली तरी ती हलली नाही. मग वळली आणि मोजा घातलेला हात गाडीवर फिरवू लागली.

ती बाजूला झाली तेव्हा मला खांबाचा खालचा भाग दिसला. अगदी तळाला, जाळीला लागून, फायनल इन्स्पेक्शनला ती गाडीच्या काचेवर लावायची तसला एक हिरवा स्टिकर लावलेला होता. मी तिथून हललो तोवर माझी बस निघून गेली होती.